गोदामातल्या खोलीतली भाकरी

मी लातूरची सून, माहेर नांदेडचं. लग्नाआधी शाळेत गणित शिकवायचे. देवाला हात जोडते, पण कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो... नीट झोप झाली होती का? पोटात काही होतं का? आजही मी तोच प्रश्न विचारते. तरी हे लिहितेय, कारण आमच्या घरात आता यावर कुणी बोलत नाही आणि माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आमची तुरीची डाळ मिल होती. सासरे गेल्यावर ती बंद पडली, मशिनी विकल्या. तोवर लातुरात ट्यूशनला बाहेरगावची इतकी मुलं यायला लागली होती की लोक गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढत होते. आम्हीही गोदामात विटांच्या भिंती घातल्या, खिडक्या पाडल्या, डाळ वाळवायच्या ओट्यावर कपड्यांच्या दोऱ्या बांधल्या. पत्र्याखाली उकडतं म्हणून आतून पांढरं पीओपीचं सीलिंग केलं. झालं मुलींचं होस्टेल. रंग देऊनही पहिलं वर्षभर भिंतींना भुशाचा वास यायचा.

समीक्षा धर्माबादची. अकरावीला आली, शेवटच्या खोलीत तिला कॉट मिळाली. तिची आई आदल्या वर्षीच गेलेली. वडील शिक्षक, बोलायला कमी. पोरगी हुशार होती, पण दिवाळीनंतर तिचं बिनसलं. टेस्टमध्ये मार्क घसरले, जेवणावरची वासना गेली. ताट घ्यायची, चिवडायची, ठेवून द्यायची. खोलीतल्या मुली म्हणायच्या, "काकू, ती झोपतच नाही. नुसती वर बघत पडलेली असते." डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या. काही फरक नाही. शेवटी तिनं वडिलांना फोन केला, मला घेऊन जा. ते सोमवारी येणार होते.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी मुली जेवून बाहेर गेल्या. रविवारी मेसला पुऱ्या-भाजी असते. समीक्षा जेवायला आलीच नव्हती, म्हणून मी ताट वाढून तिच्या खोलीत गेले.

ती कॉटवर गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, केस नीट विंचरून वेणी घातलेली. उशाशी आमच्या मेसची स्टीलची वाटी होती आणि तिच्यात दुधात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीचा शेवटचा घास उरला होता.

मी ताट खाली ठेवून तिथंच बसले. किती दिवसांनी ती झोपली होती... उठवायचं धाडस झालं नाही.

उन्हं कलल्यावर ती जागी झाली. म्हणाली, "काकू, त्या मावशी कुठं गेल्या?"

"कोणत्या मावशी?"

"ज्यांनी मला खाऊ घातलं. मी नको म्हणत होते, तरी घास करून देत होत्या. वेणी पण त्यांनीच घातली." मग वर बघत तिनं विचारलं, "काकू, ह्या सीलिंगच्या वर पत्रा आहे का?"

"आहे. का गं?"

"त्या म्हणाल्या, वर पत्रा हाय, दगड न्हाई. पडला तरी मारत न्हाई. नीज निवांत."

मला वाटलं, पोरीला आई दिसली असेल. तसं विचारलंही. ती म्हणाली, "नाही, आईचा आवाज मी ओळखते. ह्या वेगळ्या होत्या. तरुणच होत्या, कपाळावर गोंदलेलं होतं."

मी स्वयंपाकिणीला फोन करून विचारलं. ती पुऱ्या करून कधीच घरी गेली होती. मुली गेल्यावर गेटला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला. वाटी आमची होती, पण भाकरी आमची नव्हती. त्या दिवशी आमच्याकडे भाकरी थापलीच नव्हती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तूर निवडत होत्या, हात थांबला त्यांचा.

"पत्रा हाय, दगड न्हाई... हे तर सोजर म्हणायची."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सासऱ्यांनी गोदाम मोकळं करून वाचलेल्या काही कुटुंबांना तिथं ठेवलं होतं. त्यात सोजरबाई होती. तिची लेक दगडी भिंतीखाली गेली होती. गोदामात लेकरं झोपायला घाबरायची, भिंतीपासून लांब पळायची. सोजर एकेकाला जवळ घ्यायची, वर बोट दाखवून हेच सांगायची आणि दूध-भाकर भरवून निजवायची. "तीच कडेची जागा तिची," सासूबाई म्हणाल्या, "जिथं आता ती खोली हाय."

मी म्हटलं, "म्हणजे त्या आता..."

"आता काय? जित्ती हाय की. औशाच्या पुढं, पुनर्वसनाच्या गावात ऱ्हाती."

सोमवारी समीक्षाचे वडील आले. मुलीनं त्यांच्यासमोर पोटभर जेवून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, मी राहते." ते कॉटवर बसले आणि डोळे पुसत राहिले.

त्याच आठवड्यात मी आणि सासूबाई एसटीनं सोजरबाईंच्या गावी गेलो. कुणाला कळवलं नव्हतं, त्यांच्याकडं फोनही नव्हता. केस पांढरे, पाठ वाकलेली, दारात बसून शेंगा फोडत होत्या. सासूबाईंना ओळखलं, हसल्या. आम्ही अजून टेकलोही नव्हतो तर विचारतात,

"ती पोरगी जेवली का मागून?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "कोणती पोरगी, मावशी?"

"तुमच्या गोदामातली. आयतवारी दुपारी डोळा लागला माझा. सपनात तिथंच होते मी. भिंती नव्या, पन जागा तीच. एक पोरगी नुसती वर बघत ऱ्हायली होती. लई वाळलेली. भाकर कुस्करून दिली, दोन घास खाल्ले अन् रडाया लागली. तवर मला जाग आली. तवाधरनं जीव लागंना."

मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "जेवली ना, बास," एवढंच म्हणाल्या.

सुट्टी लागल्यावर मी समीक्षाला सोजरबाईंकडं घेऊन गेले. दारात थांबून ती माझ्या कानात म्हणाली, "काकू, ह्या नाहीत. त्या तरुण होत्या." मग सोजरबाईंच्या कपाळावरचं गोंदण तिला दिसलं आणि ती पुढं होऊन त्यांच्याजवळ बसली. सोजरबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "हीच हाय," म्हणाल्या. पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली की मला तिथं उभं राहवेना.

समीक्षा आता नांदेडला नर्सिंग करते. सुट्टी मिळाली की आधी औशाची गाडी धरते, मग धर्माबादची.

मी मात्र आजही त्या वाटीपाशी अडते. स्वप्न जुळलं म्हणा, योगायोग म्हणा. पण भाकरी कुठून आली? समीक्षाला घेऊन गेले त्या दिवशी सोजरबाईंना मी हे विचारलंही होतं. समीक्षा रडून रडून त्यांच्या मांडीवरच झोपली होती. त्यांनी तिच्या केसांतला हात काढला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं.

"हळू बोल बाई," म्हणाल्या. "आत्ताच निजलीय ती."