पळसाच्या द्रोणातल्या करंज्या

पळसाच्या पानांचा वास आला की मला जुन्नरकडचा आमचा नाताळ आठवतो. आजी-आजोबा मिळून करंज्या तळायचे आणि सगळ्या आळीला वाटायचे. एका वर्षी शेजारच्या एकट्या म्हातारीकडं मी स्टीलच्या डब्यातून करंज्या नेल्या. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही गावची रीत. तिनं फडताळातले सगळे डबे चाचपले आणि उरलेला एकुलता एक गुळाचा खडा माझ्या डब्यात टाकला. घरी तो पाहून आजोबा हळहळले. "आपुन द्यायला गेलो आन् तिचंच घेऊन आलो! देवानं नाताळाला सोताचा ल्योक आपल्याला दिला, तवा परत काय मागितलं व्हतं?" लगेच रानातून पळसाची पानं आणून आजी-आजोबा हसत-बोलत द्रोण लावत बसले. आजी नव्या द्रोणात करंज्या आणि तो गूळ घेऊन म्हातारीकडं गेली. "परत द्यायला भांडंच न्हाई, आता काय भरून देशील?" आजीनं असं विचारताच म्हातारी लई हसली. आता पुण्यात मीही नाताळाला द्रोणातूनच करंज्या वाटते. तो खडा वाटेत मी अर्धा खाल्ला होता, हे मात्र आजोबांना कधीच सांगितलं नाही.