नवऱ्याला अडाणी ठेवण्याचा खटाटोप

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. ढगळ कपडे आत घ्यायचे, घट्ट झालेले उसवून सैल करायचे, लांब होणाऱ्यांना खालून दुमडून पट्टी मारायची, हे तिचं काम. छत इतकं तिरपं की आलेलं गिऱ्हाईक आपोआप मान खाली घालून उभं राही. तिच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, म्हणून सगळा मोहल्ला तिला टाचणी म्हणायचा. तिलाही ते नाव आवडायचं, कारण टाचणी बारीक असूनही टोचते.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. काय करता असं कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्यानं सांगे, लोकांना वर पाठवतो, पण संध्याकाळी परत खाली आणून देतो.

टाचणी आईच्या बाजूनं पक्की कॅथलिक. नवरा मात्र कशातच नव्हता. बाप्तिस्मा नाही, प्रार्थना नाही आणि वादही नाही. दर रविवारी तो तिला मिस्साला सोडायला यायचा, चर्चच्या फाटकाजवळच्या बाकावर बसून राहायचा आणि ती बाहेर आली की विचारायचा, "आज काय सांगितलं?" मग घर येईपर्यंत टाचणीचं तोंड बंद म्हणून व्हायचं नाही. फादरांनी पाच वाक्यांत सांगितलेली गोष्ट तिच्या तोंडून निघताना जत्रेएवढी मोठी व्हायची. तोही मन लावून ऐके. योना माशाच्या पोटात गेला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं की आत हवा खेळती होती का. बंद पेटीत अडकलेल्या माणसांची काळजी हा त्याच्या पोटापाण्याचाच विषय होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना थोरल्या बहिणीनं माशी शिंकवली. ताई म्हणजे कडक इस्त्रीची बाई. एका नातेवाइकाला माती देऊन दोघी परतत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "तू वर जाशील गं, पण तो कुठे जाईल? चर्चबाहेर तारण नाही. हे माझ्या पदरचं नाही, पहिल्यापासूनचं आहे."

टाचणीचं जेवणावरून मन उडालं. तिला स्वर्ग डोळ्यांपुढे दिसू लागला, चकचकीत, उंच, आणि त्यात ती एकटी, सगळ्या देवदूतांचे झगे आत घेत बसलेली. आज काय सांगितलं, हे विचारायला कुणी नाही.

त्याच आठवड्यात फादर झगा घेऊन दुकानात आले. तरुण होते, बारीक झाले होते आणि झगा जमिनीवर लोळत होता. त्यांना दाराबाहेर स्टुलावर उभं करून ती खाली बसली आणि दातांत टाचण्या धरूनच तिनं प्रश्न विचारला. तो त्यांना तिसऱ्यांदा कळला. मग ते सांगू लागले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त आणि त्याचं चर्च कळलेलं नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि त्याच्या कृपेच्या आधारानं, आपली सदसद्विवेकबुद्धी सांगेल तसं वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, अशी चर्चचीच शिकवण आहे. ते पुढेही काहीतरी बोलणार होते, पण टाचणीनं हर्षाच्या भरात झग्याबरोबर त्यांचा पायही टोचला, फादर कळवळले आणि ती "देव भलं करो" म्हणत घरी पळालीसुद्धा. फादर स्टुलावरच राहिले.

रस्त्यानं ती जवळजवळ नाचत होती. कळलेलं नाही, दोष नाही, सुटला बिचारा. आणि कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी ती एकदम थबकली. कळलेलं नाही कसं? इतकी वर्षं दर रविवारी आपणच तर त्याला सगळं साग्रसंगीत कळवलं. एवढा छान अडाणी माणूस, आणि आपण आपल्या हातानं त्याला शहाणा करून खड्ड्यात लोटला.

तिनं तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे याला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. जमलं तर जुनंही विसरायला लावायचं.

पुढच्या रविवारी त्यानं विचारलं, "आज काय सांगितलं?" ती म्हणाली, हवापाण्याचं बोलले. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या कानात दडे बसले होते, काही ऐकूच आलं नाही म्हणे. भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून तसबिरीसमोरच कपडे वाळत घालायचा घोडा उभा राहिला. त्यानं आपणहून नोहाच्या नावेचा विषय काढला तर ती ठासून सांगे की तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, ती बाजारपेठेतल्या एका माणसाची गोष्ट होती. आणि अगदीच गळ्याशी आलं की ती मूठभर टाचण्या तोंडात कोंबायची.

नवरा हवालदिल झाला. त्याला वाटलं बायकोचं काहीतरी बिनसलंय. तो चूळ भरताना तिच्याकडे चोरून पाही, जेवताना आणखी एक घास घे म्हणून मागे लागे. घरातली सगळ्यात मोठी मौज गेली होती आणि का गेली हे त्याला कळत नव्हतं.

ताईची सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि फादर तिला कम्युनियनचा प्रसाद द्यायला अधूनमधून येत. त्या दिवशी टाचणीही तिथे होती, म्हातारीचे गाऊन समोरून उघडतील असे करून द्यायला. सगळं आटोपल्यावर दोघी बहिणी फादरांना पोचवायला निघाल्या आणि तिघं वरच्या मजल्यावरून लिफ्टमध्ये शिरली. खाली 'काम चालू आहे' अशी पाटी लटकत होती, पण वर कुणी लावली नव्हती. जेमतेम एक मजला उतरले असतील, लिफ्टला गचका बसला, दिवा गेला आणि सगळं ठप्प.

ताईनं अंधारात जपमाळ काढली. तेवढ्यात वरून, खूप वरून, घुमणारा आवाज आला. "आत कोण आहे?"

ताई गुडघ्यांवर आली. "मी पापी आहे, प्रभू," ती म्हणाली.

"ते असू द्या ताई," आवाज म्हणाला, "दाराला हात लावू नका."

टाचणीनं नवऱ्याचा आवाज ओळखला होता. तिला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. छतावरच्या खोलीतून तो खाली डोकावत होता. म्हणाला, ब्रेक खोललाय, बसवल्याशिवाय लिफ्ट हलवता येणार नाही, हवा भरपूर आहे, घाबरू नका. ताईनं ओरडून सांगितलं, फादरही आत अडकलेत. मग थोडा वेळ नुसती पान्याची खुटखुट. आणि पुन्हा आवाज, जरा चाचरत. "फादर, तुम्ही आहातच तर एक विचारू? माझी बायको आजकाल मला देवाचं काहीच सांगत नाही. तिची श्रद्धा उडाली का? तेवढी परत बसवून द्या. मला ती गोष्टी सांगणारीच बरी वाटते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. टाचणीनं भडाभडा सगळं सांगून टाकलं, हवापाणी, कानाचे दडे, कपड्यांचा घोडा, बाजारपेठेतला नोहा. फादर आधी खोकले, मग भिंतीला टेकले आणि इतके हसले की लिफ्ट डुलली.

श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले की स्टुलावर अर्धंच ऐकून पळालात. अज्ञानानं कुणी तरत नाही. तारतो तो ख्रिस्त, आणि जो तरतो तो त्याच्यामुळेच आणि त्याच्या चर्चच्या द्वारेच तरतो, त्याला स्वतःला ठाऊक असो वा नसो. चर्च हवंच हे मनोमन पटूनही जो जाणूनबुजून पाठ फिरवतो त्याची गोष्ट वेगळी. पण कोण पाठ फिरवतोय आणि कुणाला अजून पटलेलंच नाही, हे देव बघतो. आपण सांगत राहायचं. सांगणं ही शिक्षा नाही, भेट आहे.

"मी पाठ नाही फिरवलेली," वरून आवाज आला. "तोंड करूनच बसतो की, बाकावर."

ताई मात्र हटेना. मग ते पहिल्यापासूनचं वाक्य खोटं का, असं तिनं विचारलं. फादर म्हणाले, खोटं मुळीच नाही, पण जुन्या काळी ते बोललं गेलं ते मुख्यतः आत असून फुटून निघणाऱ्यांना. आणि अलीकडच्या काळात एक फादर हट्टच धरून बसले की बाहेरचा एकही माणूस तरणार नाही. वरिष्ठांनी समजावलं, ऐकेनात. बोलावलं, जाईनात. शेवटी त्यांनाच चर्चबाहेर काढावं लागलं. पुढे परत घेतलं म्हणा.

यावर टाचणी खिदळली. ताई हसली नाही. अंधारात तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मग आमचे बाबा?"

बाबा बस चालवायचे. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि टाचणी पाळण्यात असतानाच ते गेले. ताईनं तेव्हा धर्म शिकवणाऱ्या बाईंना, बाबा स्वर्गात गेले का, असं विचारलं होतं, आणि बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली होती. ती हललेली मान ताईनं आयुष्यभर उरात बाळगली होती. टाचणीला हे आज पहिल्यांदा कळत होतं.

फादरांचं हसू ओसरलं. ते म्हणाले, "ताई, हा माणूस नरकात आहे, असं चर्चनं आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. बाबांसाठी प्रार्थना करा. आशा धरा. तेवढी मुभा तुम्हाला चर्चच देतं."

ताईनं नाक ओढलं. मग कुठूनसं एक हसू तिच्या पोटातून वर आलं, हुंदक्यात अडकलं, पुन्हा निसटलं. टाचणीला त्याची लागण झाली, फादरांना झाली, आणि दिवा लागून लिफ्ट तळमजल्याला पोचली तेव्हा तिघं एकमेकांना धरून उभी होती आणि बाहेर जमलेल्या शेजाऱ्यांना वाटलं की आत गॅस गळला.

पुढच्या रविवारची मिस्सा ताईनं बाबांच्या नावानं करायला सांगितली. नवरा नेहमीसारखा बाकावर बसला. तो अजूनही तिथेच बसतो. आता कधी उन्हाचं निमित्त करून दाराशी येतो आणि टाचणी मागे वळून बघायचं टाळते. त्या रविवारी मात्र टाचणीला बोलायची संधीच मिळाली नाही, कारण बाहेर येताच ताईनं तिच्या हातात हात अडकवला आणि बाबांचं सांगायला सुरुवात केली. ते बस चालवताना बेसूर शीळ घालायचे. म्हातारी माणसं धावत येताना दिसली की थांबा नसला तरी थांबायचे, आणि गाडीला उशीर झाला म्हणून बोलणी खायचे. शेवटच्या फेरीला ताईला मांडीवर बसवून भोंगा वाजवू द्यायचे.

"कसा वाजायचा?" टाचणीच्या नवऱ्यानं मागून विचारलं.

कडक इस्त्रीच्या ताईनं भर रस्त्यात गाल फुगवले आणि वाजवून दाखवला.