तीन ठोके, मग दोन

आमच्या गॅरेजांच्या गल्लीत तिला सगळे कव्हरताई म्हणायचे. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझं दुकान तिच्या समोरच, गाड्यांत स्पीकर बसवण्याचं. इतक्या वर्षांत माझ्या धंद्याबद्दल तिच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नव्हता. "तुझ्या ढबढबाटानं माझी शिवण वाकडी जाते रे," एवढंच ती म्हणायची. म्हणून ती एक दिवस सबवूफरची, म्हणजे ढबढबाट करणाऱ्या त्याच मोठ्या स्पीकरची, चौकशी करत आली, तेव्हा मला वाटलं थट्टा करतेय.

"दादासाठी हवाय," ती म्हणाली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. उभं आयुष्य खाणीत गेलं आणि तिथंच कान गेले. वहिनी वारल्यावर तो हिच्याकडे राहायला आला. ओठ बघून बोलणं ओळखायचा, स्वतः मात्र आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आदल्या आठवड्यात माझ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या एका गाडीला तो पाठ टेकून उभा होता. आत गाणं लागलं आणि तो ताईला हाक मारत ओरडला, "छकू! अगं, पाठीत वाजतंय!" तेव्हापासून ताईच्या मनानं घेतलं, दादाला आपल्या गाडीत गाणं द्यायचं.

"मी बसवून देतो," मी म्हटलं.

"नको. मी माझ्या हातानं करणार. चुकले की ओरड."

चुकली ती पहिल्याच दिवशी. भंगारवाल्याकडून चार-चार ओहमचे दोन जुने सबवूफर आणि एक ॲम्प्लिफायर घेऊन आली. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर मोठ्ठा बाराशे वॅटचा आकडा होता.

"ताई, हा आकडा नुसता आव आहे. आरएमएस लिहिलंय तिथं बघ. तासन्‌तास न थकता तो जेवढं देतो, तेवढंच खरं."

तिनं चष्मा वर करून वाचलं. "अडीचशे! म्हणजे बडा घर पोकळ वासा."

तरी तिनं तोच लावला. दोन्ही सबवूफर शेजारी-शेजारी, समांतर जोडले. दहा मिनिटांत ॲम्प्लिफायर तव्यासारखा तापला, लाल दिवा लागला आणि सगळं गप्प. मी समजावलं, की ओहम म्हणजे अडवणूक. चारचे दोन समांतर जोडले की अडवणूक उरते दोनच. दोन नळ सोडले की टाकीवर ताण येतो, तसंच. हा ॲम्प्लिफायर चारच्या खाली उतरू शकत नाही. आणि कमी ताकदीचा पिळून वाजवला तर आवाज फाटतो, आतली कॉइल जळते.

"जाड रेक्झिनला बारीक सुई लावली तर मोडणारच," ती म्हणाली आणि सीटची मापं लिहायच्या वहीत तिनं हे सगळं उतरवलं. सबवूफर तीनशे-तीनशेचे, म्हणजे दोन ओहमला सहाशे देणारा ॲम्प्लिफायर हवा, हे गणित तिनं स्वतःच मांडलं. तसा तो मिळवलाही. बॅटरीजवळ फ्यूज घातला, अर्थिंगच्या वायरीसाठी पत्र्याचा रंग खरवडला, आवाज फाटायला लागतो तिथून गेनची, म्हणजे जोर वाढवायची, कळ जरा मागे घेतली. सबवूफरची पेटी मागच्या सीटच्या पाठीशी बसवली. दादा सीटवर बसला, डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरू लागला. एकही ठोका चुकला नाही. ताई लगबगीनं मशीनवर जाऊन बसली, पण मशीन काही चालू केलं नाही.

चार दिवस दादा खुशीत होता. पाचव्या दिवशी भर दुपारी त्याची हाक आली.

"छकू! कुणीतरी ठोकतंय बघ."

गाडी बंद होती. डेकही बंद. दादा डिकीकडून पेटीवर तळवा ठेवून उभा होता. ताईनं हात ठेवला आणि मला बोलावलं. मीही ठेवला. आवाज असा काही नव्हता, पण स्पीकरचा कागदी पडदा तळव्याला खालून ढोसत होता. तीन ठोके. थोडं थांबून दोन. पुन्हा तीन.

"अर्थिंग ढिलं असेल," मी म्हटलं. असं होतं कधीकधी. मी ते आवळलं. ठोके चालूच. फ्यूज काढला. चालूच. शेवटी ताईनं दोन्ही सबवूफरच्या वायरी ओढून काढल्या. तांब्याची उघडी टोकं तिच्या मुठीत होती, आणि पडद्याच्या रबरी कडेवरची धूळ उडत होती. तीनदा. मग दोनदा.

वायर नसलेला स्पीकर म्हणजे नुसता कागद आणि लोहचुंबक. तो हलेल कसा?

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

"ही आमची खूण आहे. तीन आणि दोन. म्हणजे, मी जिवंत आहे."

मग त्यानं सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी खाणीचं छत कोसळलं आणि त्याचा जोडीदार पलीकडे अडकला. तेव्हा दादाला ऐकू येत होतं. पलीकडून पाण्याच्या पाइपवर ठोके यायचे. आत विषारी वायू भरला होता, कुणी जाऊ शकत नव्हतं. मुकादम म्हणाला, उत्तर देऊ नकोस, उगाच वाट बघत बसेल.

"दीड दिवस पाइपला कान लावून बसलो. एकदाही उलट ठोकलं नाही मी."

ताईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला. "मग आता दे उत्तर."

"काय तोंडानं देऊ?"

"तोंडानं नको. ठोक."

दादानं बोट वाकवलं. तीनदा ठोकलं, मग दोनदा.

पडदा थांबला. आणि मग तो असा हलू लागला, की त्याला ना मोजमाप ना ताल. कुणीतरी दोन्ही मुठींनी दार बडवावं तसा. पेटी हादरली, सीट हादरली. गाडीत ओल्या दगडाचा वास पसरला. मी मागे सरलो, खोटं कशाला बोलू. दादानं मात्र पेटीला मिठी मारली. "आहे रे! मी इथंच होतो. हललो नाही!" तो ओरडत राहिला. हळूहळू ठोके विरळ झाले. एक. बऱ्याच वेळानं आणखी एक. मग काही नाही.

मी ताईला म्हटलं, ही पेटी भंगारात दे. तिनं ऐकलं नाही. संध्याकाळी तिनं वायरी पुन्हा जोडल्या. आजही दादा त्याच पेटीवर गाणी ऐकतो, आणि ती पुन्हा कधी आपणहून हलली नाही. ताई आता गल्लीतल्या बायकांच्या गाड्यांत ॲम्प्लिफायरही बसवून देते.

एक मात्र सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दादा हटूनच बसला, जोडीदाराच्या बायकोकडे जायचं. ताईनं त्याला नेलं. ते मी तिच्याच तोंडून ऐकलंय. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ना रडली ना रागावली. तिनं एवढंच विचारलं, "तीन आणि दोनच ना?"

दादानं होकारार्थी मान हलवली, आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की खूण त्यानं अजून सांगितलीच नव्हती.

ती त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मोरीपासून छतापर्यंत गेलेल्या पाण्याच्या पाइपला तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या, थरावर थर, पार मांडीएवढा जाड.

"परवा रात्रीपर्यंत झोप लागू द्यायचा नाही," ती म्हणाली. "काल दुपारपासून गप्प आहे."

दादानं चिंध्या सोडायला हात पुढे केला. तिनं तो धरला.

"राहू द्या, भाऊजी. इतक्यात नको."