आधी मानूस, मंग कागद

करडीच्या बस स्टँडपाशी आमच्या लिलाधरचं दुकान हाय. ऑनलाइन सेंटर. झेराक्स, सातबारा, दाखले, पोरायचे फॉर्म, सारं तिथंच. दुकान होतं असं घरचं कोनी म्हनत नाही, हायच म्हनते. लिलाधर गेला. छातीत दुखलं म्हने, भंडाऱ्याले नेता नेता गाडीतच गेला. पन दुकान हाय.

ज्योत्सना त्याची बायको. दुकानात बसे, पन झेराक्सच्या मशीनीवर. दहावी शिकेल, वाचाले पक्की, पन माउसले हात लावे नाही. लिलाधर हासे. म्हने, बस ना येथी, चावत नाही तो. ती म्हने, तुमी हाव ना, मले कायले पाह्यजे.

तेरवी व्हाची होती. घरात मानसं बसून होते. त्यात दुपारी वच्छलाबाई आली, मंगरूची बायको. दारातच उभी. आत येइना. भेटाले आली म्हने, अन् सारखी पदर पिळून राह्यली. ज्योत्सनानं पाह्यलं, बाहेर निंबाखाली तिची पोट्टी डिंपल उभी, डोये सुजलेले. भेटाले येनारी पोट्टी बाहेर काहून थांबन? मंग खोदून खोदून इचारलं तवा वच्छलाबाईनं सांगतलं. डिंपलचा नर्सिंगले नंबर लागला होता नागपूरले. जातीचा दाखला आज पाचच्या आत कम्प्युटरवर चढवाचा होता. अन् पावसात घरात पानी शिरलं तं पेटीतल्या कागदाचा पार लगदा झाला होता. दाखला काढून देल्ला होता लिलाधरनंच. त्याच्या मशीनीत असन तं असन. नसन तं गेला नंबर.

कोनी तरी म्हनलं, आपल्यात तेरवीआधी दुकान उघडत नाही. ज्योत्सनानं सासूकडे पाह्यलं. कोपऱ्यात लिलाधरची माय रेवताबाई बसून होती, इतके दिवस बुढी कोनासंग बोलली नव्हती.

"जाय माय," थे म्हने. "चाबी खुटीले हाय."

शटर वर केलं तं टेबलावर धूळ बसली होती. ज्योत्सनानं पदरानं पुसली, बटन दाबलं. समोरच्या दुकानातला विक्की धावत आला. त्याचं बी असंच सेंटर. ज्योत्सना लिलाधरच्या खुर्चीवर बसली पह्यल्यांदा. पडद्यावर करडी नावाचं फोल्डर, त्यात फायलीच फायली, खाली खाली जातच राहे. यातून एक कागद कसा काढाचा?

पन वाचाले लागली तं तिले आठोलं, ह्या फायलीच्या नावामागची गोष्ट काय हाय थे.

आपल्याकडे बाई लग्न होऊन आली का तिचं नाव जाते, माहेराच्या गावाचं नाव लागते. करडीत बपेरा गावच्या दोन बाया. वच्छलाबाई एक, कौशल्याबाई एक. दोघीले बी सारं गाव बपेरावाली म्हने. लिलाधरनं नवं दुकान टाकलं तवा तो बी मशीनीत असंच लिहे. बपेरावाली आधार. बपेरावाली नवीन. बपेरावाली फायनल. अन् एक बार वच्छलाबाईच्या घरकुलाच्या फॉर्मले कौशल्याबाईचं आधार लागून गेलं. फॉर्म वापस आला. वच्छलाबाई भांडली नाही. दुकानाच्या पायरीवर बसली, पानी पेली अन् म्हने, "भाऊ, तुह्या मशीनीत बी मी बपेरावालीच काय?"

लिलाधरले लय लागलं थे. घरी आला तं जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेला, फॉर्म नवा भरून, अन् इचारलं, बाई तुमचं सोताचं नाव सांगा. आधी लाजली, मंग म्हने वच्छला. मंगरू बाजूले जाळं शिवत बसला होता. तो म्हने, बरं झालं इचारलं, मले बी इतक्या वर्सानं आयकाले भेटलं.

मंग लिलाधरनं गिऱ्हाइकाले बसवून एक एक जुनी फाईल उघडून पाह्यली अन् नावं बदलवली. किती दिवस चाललं त्याचं. आधी मानसाचं नाव, मंग बापाचं नाही तं नवऱ्याचं, मंग आडनाव, मंग कोनता कागद, मंग साल. सारं मराठीत. नवीन नाही, फायनल नाही. म्हने, नवीन लिहिलेलं कधी जुनं होते पत्ता लागत नाही. त्याचा बाप फकिरा तलावावर जाळे टाके, तिथं बी ज्याच्या त्याच्या जाळ्याले ज्याची त्याची चिंधी बांधलेली राहे. दुसऱ्याचं जाळं चुकून कोनी उचले नाही. तेच डोक्यात असन त्याच्या.

विक्की तवा लय चिडवे. म्हने, भाऊ, ही फाईल हाय का लग्नपत्रिका? लिलाधर म्हने, "मी नसलो तं ज्योत्सनाले सापडली पाह्यजे."

तवा साऱ्याले वाटलं, तो बाजारात गेला तं सापडली पाह्यजे, असं म्हनून राह्यला.

ज्योत्सना वाचत वाचत खाली आली. डिंपल चंद्रकुमार, हे नाही, थे वरच्या मोहल्ल्यातली. अन् त्याच्या खाली: डिंपल मंगरू शेंडे जात दाखला २०२२.

तिनं उघडलं. डिंपल मांगून पाहून राह्यली होती, तिनं तोंडावर हात ठेवला. विक्कीनं फटाफट कागद चढवला, पावती काढली. पाच वाजाले टाइम होता अजून. जाता जाता तो दारात थांबला, डोये पुसले अन् म्हने, "वहिनी, लग्नपत्रिका सापडली ना."

डिंपल आता नागपूरले हाय. वच्छलाबाई ज्याले त्याले सांगते, लिलाधरभाऊनं वर जाऊन बी माह्या पोरीचं काम केलन.

तेरवी झाली. लिलाधरच्या मृत्यूचा दाखला आला. बँकेत लागन, पोरायच्या शाळेत लागन, मशीनीत टाकाचा होता. विक्की म्हने मी टाकतो. ज्योत्सना नाही म्हने. रेवताबाईले संग घेऊन गेली दुकानात. कागद मशीनीत ठेवला. कम्प्युटरनं आपल्या मनानं एक नाव देल्लं होतं, स्कॅन अन् पुढं आकडे. तिनं थे मिटवलं. एका बोटानं एक एक अक्षर शोधून लिहिलं.

बुढीले वाचता येत नाही. थे म्हने, "काय लिहिलं माय, वाच."

ज्योत्सनानं लग्नात नाव घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर सासूसमोर काय, पोरायसमोर बी नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कोनी आयकलं नव्हतं. त्याले ती 'हे' म्हने, नाही तं 'पोरायचे बाबा'. आता तिनं थे मोठ्यानं वाचलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभे होते, त्याहिले बी आयकू गेलं.

"लिलाधर फकिरा शेंडे," ती म्हने. "मंग कागदाचं नाव हाय, आई. मंग साल."

"बरोबर लिहिलं," बुढी म्हने. "आधी त्याचं नाव."

मंग ज्योत्सनानं पदर खोचला अन् गिऱ्हाइकाले आत बोलावलं. समोर एक नवी सून होती. तिनं सांगतलं, मी शहापूरवाली.

"थे राहू दे बाई," ज्योत्सना म्हने. "सोताचं नाव सांग."