पलंगाखालच्या दोन हजार गोळ्या

मी आयुष्यात एकदाच पकडला गेलो, आणि तेही नीटनेटकेपणामुळे.

लढाईचे दिवस होते. जबलपूरला आमच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी चालायची. घराच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता, आणि भिंतींवर 'अफवा पसरवू नका'च्या पाट्या लागल्या होत्या. मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये बाबू होतो. आडनाव साठवणे आणि नोकरी स्टोअरची. (साहेबांनी हे पाहूनच मला घेतलं असं सगळे म्हणत. माझी हुशारी पाहून घेतलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.) माझ्या खात्यात नट-बोल्टपासून वायसरपर्यंत प्रत्येक वस्तूचं कार्ड होतं आणि त्यावर तीन रकाने होते: आवक, जावक, शिल्लक. या तीन रकान्यांत जग मावतं, अशी माझी पक्की समजूत होती.

माझी बायको इंदू घरी मोत्यांचे दागिने बनवायची. सोनं घ्यायला लोकांचा हात आखडत होता, पण लग्नं काही थांबली नव्हती. मग नकली मोत्यांच्या नथी, चिंचपेट्या, तन्मणी यांना मागणी आली. इंदूचा हात असा सफाईदार, की सराफ्यातल्या दुकानदारीणबाईसुद्धा तिच्याकडून नथी नेऊन आपल्या काचेत ठेवायच्या.

इंदूच्या धंद्यात वही नव्हती. स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा होता आणि त्यावर दोरे लटकत. एका गिऱ्हाइकाचा एक दोरा. नथ सांगितली की पांढरा मणी ओवायचा, चिंचपेटीला लाल, तन्मण्याला हिरवा. माल गेला की मण्याखाली एक गाठ. पैसे आले की दुसरी गाठ. बस, संपला हिशेब.

मी एका रविवारी तो खिळा पाहिला आणि माझ्यातला स्टोअर-बाबू दुखावला.

"इंदू, हे काय करून राहिली तू? काहून नाही लिहून ठेवत?"

"सुई खाली ठेवून पेन उचललं की ओवण चुकते," ती म्हणाली. "दोरा तं हातातच असते."

"आणि दोरा तुटला तर?"

"आतापर्यंत तुटला नाही. तुमची वही मात्र मागच्या वर्षी उंदरानं खाल्ली."

(ती विम्याची वही होती. तिचा इथे काही संबंध नव्हता.)

मी ऐकतो की काय! दुपारी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली, तांबड्या शाईनं रकाने आखले आणि इंदूचे सगळे डबे पलंगावर उपडे केले. स्टॉक मोजल्याशिवाय पुस्तक उघडत नाही, हा आमच्या खात्याचा नियम. मणी मोजता मोजता मधे चहा झाला, शेजारचे नानाजी लढाईची बातमी सांगून गेले, आणि मी पुन्हा मोजायला बसलो. संध्याकाळपर्यंत मंगळसूत्रांसाठी आणलेले काळे मणी दोन हजार भरले. इतका गोल आकडा पाहून कोणाही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला अभिमान वाटला.

मग मी सगळे मोती आकाराप्रमाणे वेगळ्या डब्यांत भरले. इंदूनं ते कामाप्रमाणे ठेवले होते, म्हणजे एका नथीला लागणारं सगळं एका वाटीत. दुसऱ्या दिवशी तिला एक नथ करायला सहा डबे उघडावे लागले. भाजीत मीठ दोन दिवस कमी पडलं.

त्यानंतर मी चिठ्ठीची पद्धत आणली. डब्यातून मोती काढायचा तर आधी चिठ्ठी लिहायची.

"एका नथीले किती मोती लागतात, माहीत आहे?" इंदूनं विचारलं. "तुमची चिठ्ठी लिहून होईस्तोवर माझी नथ होऊन जाते."

"शिस्त म्हणजे शिस्त."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं एकही चिठ्ठी लिहिली नाही. मी रोज संध्याकाळी अंदाजानं वही भरत राहिलो. अंदाज माझा फार चांगला आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

आता वहीतल्या शब्दांबद्दल सांगायला हवं, कारण घोटाळा तिथंच झाला. सराफ्यातला मण्यांचा व्यापारी काळ्या मण्यांना 'काली गोली' म्हणायचा. त्याच्या पावतीशी मेळ राहावा म्हणून मीही 'गोळी' लिहिलं. चिंचपेटी लिहायला रकाना पुरेना, म्हणून नुसतं 'पेटी'. तन्मण्याला 'पट्टा'. आणि मागच्या पानावर पुढच्या मालाची नोंद: 'शहपुरा, नग ११, बुधवार, माणूस बसने येऊन नेईल. तिलवारा, पट्टे ४, पुलापाशी द्यायचे.'

शहपुऱ्याची ती ऑर्डर इंदूची आजवरची सगळ्यांत मोठी ऑर्डर होती. एका घरात दोन मुलींची लग्नं, करवल्यांसकट अकरा नथी. बुधवारी त्यांचा माणूस साडेचारच्या बसनं परत जाणार होता. नथी वेळेवर मिळाल्या तर त्या गावाची सगळी लग्नं इंदूची, नाही मिळाल्या तर एकही नाही, असा मामला होता.

त्याच बुधवारी सकाळी मी वही डब्याच्या पिशवीत टाकून फॅक्टरीत नेली. जेवणाच्या सुटीत बेरीज करावी म्हणून. बेरीज काही जुळली नाही. त्या दिवशी मला दुपारी दोनलाच सुटी मिळाली. गेटवर लढाईमुळे झडती कडक होती. हवालदारानं पिशवीत हात घातला, रिकामा डबा हुंगला आणि वही काढली.

मराठी आणि हिंदीची लिपी एकच, याचा मला तोवर फार आनंद वाटायचा.

"काली गोली, दो हजार," हवालदार मोठ्यांदा वाचू लागला. मागं रांगेत उभे असलेले लोक दोन पावलं सरकले. "बाबूजी, ये दो हजार गोली कहाँ है?"

"घर में," मी म्हणालो. खरं तेच सांगायचं, ही मला घरची शिकवण.

"और सात पेटी?"

"वो भी घर में. पलंग के नीचे."

"ये शहपुरा का माल कौन ले जाएगा?"

"एक आदमी है. बस से आता है."

"नाम?"

"नाम मुझे नहीं मालूम. इंदू को मालूम है."

"ये इंदू कौन है?"

"माल वही बनाती है."

माझं वाक्य संपलं तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना एकेक शिपाई उभा होता.

मला सिक्युरिटी ऑफिसरच्या खोलीत बसवलं. ते फौजेतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी सांगत होतो, साहेब, हे दागिने आहेत, नथ आहे, औरतें नाक में पहनती हैं. जितकं सांगत होतो तितकं ते माझ्याकडे जास्त बारकाईनं पाहत होते.

"दागिन्यांच्या वहीला असे रकाने?" त्यांनी हिंदीत विचारलं. "ही तर सरकारी स्टोअरची पद्धत आहे."

एरवी या वाक्यावर मी खूश झालो असतो.

त्यांनी हवालदाराला जीप घेऊन माझ्या घरी पाठवलं. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, हे सगळं डोळ्यांपुढं येत होतं. पण खरी भीती इंदूची होती. घड्याळात तीन वाजत होते आणि तिच्या दोन नथी अजून व्हायच्या होत्या.

अर्ध्या तासानं जीप आली. पुढच्या सीटवर इंदू बसली होती, मांडीवर पत्र्याची ट्रंक. मागं हवालदार, हातात आमचे डबे घेऊन. ती आत आली, साहेबांना नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "वही घेऊन काहून गेले तुम्ही?"

मी टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं, जणू ती आपणच चालत आली होती.

साहेबांनी ट्रंक उघडवली. आत नथी, चिंचपेट्या, तन्मणी, मोती. त्यांचा चेहरा जरा सैल झाला; पण माणूस फौजी, अर्धवट सोडणार नव्हता. वहीवर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ तैयार नथ बारह लिखी हैं. डिब्बे में नौ हैं. तीन कहाँ गईं?"

मी घसा खाकरला. तीन कुठं गेल्या, ते मलाही जाणून घ्यायचं होतं.

इंदूनं कमरेच्या पिशवीतून दोऱ्यांचा जुडगा काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "किताब इनकी है, साहब. हिसाब मेरा ये है." मग तिनं त्यांना मणी आणि गाठी समजावून सांगितल्या. साहेब पुढं वाकून ऐकू लागले. हवालदारही वाकला.

"ये सराफे वाली बाई का धागा. दो सफेद मोती, दोनों के नीचे दो-दो गाँठ. माल गया, पैसा आया," इंदू म्हणाली. "और ये चार नंबर बंगले वाली मेमसाब का. एक सफेद मोती, नीचे एक ही गाँठ. माल गया, पैसा बाकी है."

हवालदार छताकडे पाहू लागला.

"चार नंबर?" साहेबांनी विचारलं.

"जी. पिछले सोमवार को ले गईं. बोलीं, साहब को अभी मत बताना."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग खिशातून पाकीट काढलं, किती झाले ते विचारलं आणि मोजून दिले. इंदूनं पैसे पदराला बांधले आणि त्यांच्यासमोर दोऱ्याला दुसरी गाठ मारली. "बारह पूरी हुईं," ती म्हणाली.

पण साहेबांच्या मनात दोन हजार गोळ्या अजून होत्या. "और ये?"

"दो हजार कभी थी ही नहीं, साहब. इन्होंने गिनते-गिनते बीच में चाय पी थी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी मी दिलेली ही एकच माहिती त्यांनी ताबडतोब मान्य केली.

"तो कितनी हैं?"

"सत्रह सौ से थोड़ी ऊपर."

टेबलावर टपाल तोलायचा काटा होता. इंदूनं तो ओढला, शंभर मणी मोजून एका ताटलीत टाकले, त्यांचं वजन साहेबांना वाचायला लावलं. मग डब्यातले सगळे मणी थोडे थोडे करून तोलले. साहेब कागदावर भागाकार करत होते. उत्तर सतरा आलं, वर थोडी बाकी. मला एक अख्खा रविवार लागला होता. तिला दहा मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तिनं दोनदा घड्याळ पाहिलं.

"साहब, मेरी दो नथ बाकी हैं," ती म्हणाली. "साढ़े चार की बस है."

"यहीं बना लीजिए," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतः टेबलावरच्या फायली बाजूला केल्या.

ते दृश्य मी विसरणार नाही. लढाईचे दिवस, फॅक्टरीचं सिक्युरिटी ऑफिस, भिंतीवर नकाशा, दारात बंदूकवाला शिपाई, आणि मधल्या टेबलावर इंदू तारेत मोती ओवून राहिलेली. हवालदार तिला लाल खडे वेचून देत होता. मला साहेबांनी कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं होतं, कारण मी मदत करायला उठलो तेव्हा माझ्या हातून डबा कलंडता कलंडता राहिला होता.

सव्वाचारला अकरावी नथ झाली. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली. मग जीपवाल्याला हाक मारली, "बहनजी को बस अड्डे छोड़ो. जल्दी."

"और ये?" इंदूनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"इन्हें भी ले जाइए," साहेब म्हणाले. "हमें जमा नहीं करना."

शहपुऱ्याचा माणूस बसच्या पायरीवर उभा राहून वाट पाहत होता. फौजी जीपमधून नथी उतरलेल्या पाहून तो इतका दबला, की त्यानं सगळे पैसे तिथंच दिले आणि गावातल्या आणखी दोन घरांची नावं सांगितली. त्या हंगामात इंदूनं इतक्या नथी केल्या, की तिच्या हाताखाली मोहल्ल्यातल्या तीन बायका ओवायला बसू लागल्या. दारामागं आणखी दोन खिळे ठोकले. ते मी ठोकले. दुसरा जरा वाकडा गेला आहे.

वही मला दुसऱ्या दिवशी परत मिळाली. शेवटच्या पानावर साहेबांनी हिरव्या शाईनं शेरा मारला होता: 'जाँच की गई. माल सही. बही गलत.' खाली सही आणि शिक्का.

वर्षअखेरीला आमच्या स्टोअरची मोजणी झाली. माझ्या खात्यात एक ग्रोस, म्हणजे बारा डझन, बोल्ट कमी भरले. मी तीन दिवस कार्डं चाळली, बेरजा केल्या, रॅकखाली आडवा झोपून पाहिलं. शेवटी आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या खुर्चीशेजारी सिक्युरिटीवाले साहेब चहा पीत बसले होते. मोठे साहेब माझ्यावर रागावले नाहीत. अगदी मायेनं म्हणाले, "साठवणे, आज जरा लवकर घरी जा. आणि विचारून या."

मी इंदूला विचारून आलो. ती म्हणाली, चहाच्या आधी मोजलेले धरले का? बोल्ट सापडले.