आकडे काढणारी शेजारीण

इंग्लंडात आल्यावर एक गोष्ट फार लवकर कळते. इथे तोंडावर खरं कुणी बोलत नाही. तुमचा पडदा ‘लव्हली’, तुमचं पोर ‘लव्हली’, आणि तुमचा तिखटजाळ रस्सा खाऊन नाक पुसत पाहुणा म्हणतो, ‘इंटरेस्टिंग!’ आम्ही मराठी माणसं मूळची फटकळ. पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तसं आमचं झालं. नॉटिंगहॅममध्ये पाच वर्षं काढल्यावर मीसुद्धा मंडळातल्या बायकांच्या गिच्च साबुदाण्याला ‘मस्त मोकळा झालाय’ म्हणायला शिकले होते.

अपवाद एकच, आमच्या डावीकडची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, ताठ, एकटी. पहिल्या दिवाळीला मी हौसेने करंज्या घेऊन गेले. तिने दारातच एक करंजी उचलली, उलटीपालटी करून पाहिली, खाल्ली आणि म्हणाली, “गोड फार आहे. कडा मात्र नीट आहेत.” थँक्यू वगैरे नंतर. मी पुढचे कित्येक महिने तिच्याशी फक्त हवामानावर बोलले.

मग सासरे गेले आणि सासूबाई मिरजेहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्याबरोबर दोन बॅगा, एक पोळपाट आणि थरथरणारा उजवा हात आला. हात थरथरतो म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला सांगायला नको होतं. आमचे डॉक्टर, म्हणजे माझा नवरा, इथल्या हॉस्पिटलात दिवसभर लोकांना वाईट बातम्या देतात. आईला त्यांनीच तज्ज्ञाकडे नेलं, कंपवाताच्या गोळ्या सुरू केल्या. पण घरी आईपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. “कशी आहे रे माझी रांगोळी?” या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर. “छान, आई.”

सासूबाईंची रांगोळी म्हणजे मिरजेच्या त्यांच्या गल्लीत शेवटचा शब्द. ठिपक्यांची, पांढरी, एका चिमटीत सलग ओढलेली रेघ. लग्नाकार्यात त्यांना रिक्षा पाठवून बोलावून नेत. मी पडले स्टिकरवाली. दिवाळीला लेस्टरहून आणलेलं लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर दारात चिकटवायचं आणि होळीला नखाने खरवडून काढायचं, एवढीच माझी कला. सासूबाईंनी ते स्टिकर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दारातल्या फरशीवर स्वतः बसायला लागल्या.

रेघ डगमगायची. ठिपके रांग सोडायचे. आम्ही सगळे म्हणायचो, छान. आमची लेक, इथेच जन्मलेली, म्हणायची, “आजी, तुझा रांगोळी सो प्रिटी आहे.” एकदा सासूबाई चिडल्याच. “गोळ्या घालता ना मला? मग छान काय म्हणता? माझा हात कुठवर आलाय, ते या घरात मला कुणी सांगणार आहे की नाही?” डॉक्टरांनी लगेच गाडीची किल्ली शोधायला घेतली. ती त्यांच्या हातातच होती.

एका सकाळी पाहते तर शेजारीण आमच्या दारात. हात पाठीमागे बांधून रांगोळीवर वाकलेली. बराच वेळ पाहून ती इंग्रजीत चार-पाच वाक्यं बोलली. सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणते गं मड्डम?”

“छान आहे म्हणतात,” मी म्हटलं.

“एवढं लांबलचक बोलली, आणि त्याचं नुसतं छान?”

मग सांगावंच लागलं. “शेवटची पाकळी मिटली नाही म्हणतात. आणि डावीकडचं वळण उजवीपेक्षा मोठं झालंय.”

सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि खाली पाहिलं. “नाहीच मिटली,” म्हणाल्या. मग तोंडभर हसल्या. विमानतळावर उतरल्यापासून पहिल्यांदा. “डोळे आहेत हो हिला. कोण गं ही? काय करायची?”

मी विचारलं. बाई म्हणाली, “आय डिड फिगर्स. ॲट द ऑलिंपिक्स.”

आता फिगर्सला मराठीत काय म्हणायचं? सकाळची घाई, गॅसवर दूध. मी म्हटलं, “त्या ऑलिंपिकमध्ये आकडे काढायच्या.”

सासूबाईंचं हसू मावळलं. “आकडे? मटक्याचे?”

“अहो नाही—” म्हणेपर्यंत दूध उतू गेलं आणि मी आत पळाले. झालं! त्यांच्या माहेरच्या गल्लीत एक आकडे लावणारा होता, त्याने बायकोचं मंगळसूत्र विकलं होतं. दुपारपर्यंत फोनवरून निम्म्या मंडळाला खबर गेली की डॉक्टरांच्या शेजारी मटक्याचा अड्डा चालवणारी मड्डम राहते. हाय स्ट्रीटवर राजरोस सट्ट्याची दुकानं असलेल्या देशात कुणाला ते खोटं का वाटावं? आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “घोड्यांचंही बघतात का हो त्या?”

बाई ऑलिंपिकमध्ये आइस स्केटिंग करायची, एवढं मी नंतर तिला विचारून घेतलं आणि दोनदा खुलासा करायला गेले. पण बर्फावरच्या त्या घसरण्यात आकडे कुठून येतात, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? सासूबाई फरशीवर बसल्या की शेजारीण यायची, चुका सांगायची, आणि सासूबाई पदर सावरून ऐकायच्या. “बाई वाया गेलेली आहे,” मला म्हणायच्या, “पण नजर साफ आहे.”

उलगडा झाला २००६च्या फेब्रुवारीत. टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिक चाललं होतं आणि शेजारणीचा टीव्ही नेमका बिघडला. ती आमच्या सोफ्यावर येऊन बसली. पडद्यावर चमचमत्या कपड्यांतल्या मुली गिरक्या घेत होत्या, हवेत उडत होत्या. आम्ही आ वासून पाहत होतो. शेजारीण मात्र धुसफुसत होती. “उड्या! नुसत्या उड्या! माकडंसुद्धा मारतात.” त्यातून यंदा सहापैकी मार्क द्यायची जुनी पद्धतही काढून टाकलेली. ते कळल्यावर तिने चहाचा कप असा आपटला की मला बशीची काळजी वाटली.

मग तिने सांगितलं. पन्नासच्या दशकात ती विशीची पोर असताना अशाच स्पर्धेत उतरली होती. तेव्हा अर्ध्याहून जास्त गुण गिरक्यांना नव्हतेच. ते होते बर्फावर एका पायाने आकृत्या कोरण्याला. इंग्रजी आठचा आकडा. एकदा काढायचा, मग त्याच रेघेवरून पुन्हा, मग पुन्हा. तीन रेघा एकावर एक बसल्या पाहिजेत. डोंगरातली उघडी रिंक, बोचरा वारा, बघायला काळं कुत्रं नाही. फक्त ओव्हरकोट घातलेले परीक्षक, बर्फावर ओणवे होऊन रेघा तपासणारे. पुढे लोकांना कंटाळा येतो म्हणून हा प्रकार बंदच करून टाकला.

तोंडी सांगून सासूबाईंना कळेना, तेव्हा ती उठून अंगणात गेली. गवतावर पांढरं दंव पडलेलं होतं. तिने माझ्या झाडूचा दांडा उचलला आणि दंवात एक आठ ओढला. मग त्याच्यावरून दुसरा. मग तिसरा. आम्ही वाकून पाहिलं, तर रेघ एकच!

“अगं बाई!” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “ही पायाने रांगोळी काढायची! आणि मी मेली हिला मटकेवाली म्हणत होते!” हे मी अर्थातच भाषांतरित केलं नाही.

“कितवा नंबर आला होता विचार.”

“तिसरा,” शेजारीण म्हणाली. “शेवटून.”

“अरेरे,” सासूबाई म्हणाल्या. तेवढं तिला भाषांतराशिवाय कळलं.

“अरेरे कशाला?” ती म्हणाली. “मार्क बरोबर होते.” सासूबाईंनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीत रांगोळी स्पर्धा होती. आदल्या वर्षी पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या पत्नींना मिळालं होतं. परीक्षक अध्यक्ष होते. त्यावरून इतकी बोंबाबोंब झाली, की यंदा बाहेरचा परीक्षक हवा असं ठरलं. ‘ऑलिंपिक’ हा शब्द ऐकताच सेक्रेटरींचा चेहरा उजळला. गोरी कातडी आणि वर ऑलिंपिक! मटक्याची भानगड सगळे सोयीस्करपणे विसरले आणि आमची शेजारीण परीक्षक ठरली.

सासूबाईंनी नाव दिलं. आमच्या घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. एव्हाना हात आणखी बिघडला होता. चारचौघांत हसं झालं तर? डॉक्टरांनी मुलाची माया दाखवली. त्यांनी सेक्रेटरींना गाठून गुपचूप ठरवलं, की आईला ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस द्यायचंच, ज्येष्ठ सदस्य म्हणून. मलाही ते पटलं होतं. म्हातारं माणूस खूश होईल, कुणाचं काय जातंय?

शाळेच्या हॉलच्या फरशीवर रांगोळी सांडायला केअरटेकरची सक्त मनाई. म्हणून प्रत्येकीला हार्डबोर्डचा एकेक तुकडा मिळाला. बायका सरसावल्या. अध्यक्षांच्या पत्नींनी साचे, चाळण्या आणि चमकी आणली होती आणि त्यांचा मोर बघता बघता तयार झाला. सासूबाईंनी ठिपके मांडले. डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढायला घेतली. मी खांबाआड उभी राहून देवाचं नाव घेत होते.

परीक्षकबाई आल्या. वर्तमानपत्राची घडी जमिनीवर टाकून गुडघ्यांवर बसल्या आणि प्रत्येक बोर्डाला नाक लावून पाहू लागल्या. मोरापाशी थांबल्या. “हे कुणी काढलं?”

“मीच!” अध्यक्षांच्या पत्नी लाजल्या.

“नाही, साच्याने काढलंय. त्याला बोलवा, मार्क देते.” मला इतकं हसू फुटत होतं, की मी पदर तोंडात कोंबला.

सासूबाईंच्या बोर्डापाशी ती सर्वांत जास्त वेळ बसली. मग म्हणाली, “थ्री पॉइंट वन.”

“खरं सांग,” सासूबाई मला म्हणाल्या, “पदरचं काही घालू नकोस.”

मी सांगितलं. “हात थरथरतो त्यामुळे रेघ कुठे जाड, कुठे बारीक झालीय म्हणतात. दोन ठिकाणी तुटलीय. पण जिथून निघाली, तिथेच परत आलीय. सहापैकी तीन पूर्णांक एक.”

सासूबाईंनी मान डोलावली. नंबर आला शेवटून तिसरा. मग सेक्रेटरी माइकवर आले, घसा साफ केला आणि उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून सासूबाईंचं नाव पुकारलं. टाळ्या कडाडल्या. लोकांना दयेच्या टाळ्या फार जोरात वाजवता येतात. सासूबाई सावकाश स्टेजवर चढल्या, पण बक्षिसाला हात न लावता त्यांनी माइक ओढला.

“उत्तेजनार्थ नको,” त्या म्हणाल्या. “मला तीन पूर्णांक एक मिळालेत. ते माझे आहेत. हे तुमचं तुम्हाला ठेवा.”

आमचे डॉक्टर बुटांकडे बघत राहिले. बक्षीस नॉनस्टिक तव्याचं होतं. तवा चांगला होता हो, आजही आठवतो.

त्यानंतर शिरस्ताच पडला. रोज सकाळी सासूबाई फरशीवर, शेजारीण गुडघ्यांवर, आणि मध्ये मी दुभाषी. पुढे माझीही गरज उरली नाही. बाई आकडा सांगायची, बोटाने जागा दाखवायची, सासूबाई म्हणायच्या “करेक्ट”. दोन पूर्णांक आठ. दोन पूर्णांक पाच. कधी गोळी लागू पडली तर तीन, आणि त्या दिवशी आमच्याकडे शिरा व्हायचा. पण आकडा उतरत होता. आम्ही छान म्हणणं सोडून दिलं होतं, कारण आम्हाला आता कुणी विचारतच नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या वसंतात एका सकाळी सासूबाई बसल्या आणि चिमूट उघडेचना. मग एकदम उघडली. पांढरा ढीग पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा भांडंच कलंडलं. डॉक्टर कामावर निघाले होते, दारातच थांबले. म्हणाले, “छान, आई.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या शेजारणीकडे बघत होत्या. मी मनात म्हणत होते, बाई गं, आजच्या दिवस तरी इंग्लिश हो. काहीतरी लव्हली बोल.

ती त्या ढिगाकडे नेहमीएवढाच वेळ पाहत राहिली. तिचे डोळे भरले होते. “झिरो,” ती म्हणाली.

असा संताप आला मला! हाकलूनच देणार होते. पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “करेक्ट.” कित्येक दिवसांचं ओझं उतरावं तसे त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी हात पदराला पुसले आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. “बस. आता तू.”

“आई, मला कुठे येतं?”

“ते ती सांगेल. बस.”

मी बसले. डोळ्यांतल्या पाण्याने ठिपके दिसत नव्हते. तरी कसंबसं कमळ काढलं. म्हातारी वाकली, नाक लावून पाहिलं. “टू पॉइंट वन.”

सासूबाईंनी चष्मा सरकवून पाहिलं. “जास्तच दिले,” म्हणाल्या. “पूस ते. पुन्हा काढ.”