पाठीमागून ओळखलेली जाऊ

सांगते, पण एका अटीवर. आमच्या घरी आलात तर हा विषय काढायचा नाही. तिथे तो आधीच दर पंधरा दिवसांनी निघतो, आणि प्रत्येक वेळी माझ्या मूर्खपणात थोडी भर पडलेली असते. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा होईपर्यंत संपेल.

मी वनिता. भिवंडीत कामतघरला राहते, एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. घरात सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर रोशन, आणि त्यांची बायको प्रणाली. ही प्रणाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. सगळं तिच्यापासून सुरू होतं.

बाई वाईट असती तर बरं झालं असतं हो. निदान शेजारणीपाशी चार शब्द बोलून मन मोकळं करता आलं असतं. पण ती चांगली आहे. उठता-बसता 'ताई, ताई' करते. मी आजारी पडले तर माझे कपडे वाळत घालते, आणि तेसुद्धा माझ्यापेक्षा नीट. आता अशा माणसाचं काय करायचं?

सासूबाई अंजूरच्या, खाडीकाठच्या. त्यांच्या जिभेला मासळीशिवाय काही लागत नाही. सोळा वर्षं मी त्यांना निवट्यांचं कालवण करून वाढतेय. चिखलातले ते बुळबुळीत मासे साफ करणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक. सोळा वर्षांत एकदा म्हणाल्या, "मीठ बरोबर हाय." तेवढंच. आणि प्रणालीने एका रविवारी पास्ता केला, तर ही बाई चाळीत चार घरी जाऊन सांगून आली. पास्ता! त्यांना तो चावतसुद्धा नव्हता.

त्यात प्रणालीने जांभळी सायकल घेतली. सकाळी उठून वीस-वीस किलोमीटर जायची, घामाघूम होऊन यायची, आणि सासूबाई तिला लिंबूपाणी करून द्यायच्या. मी सकाळी चार जणांचे डबे करून घामाघूम व्हायचे. माझ्या वाट्याला लिंबाचं सालही आलं नाही.

एक दिवस ती म्हणाली की भिवंडी ते वाडा अशी मोठी सायकल राइड आहे, पन्नासेक किलोमीटर, चार-पाचशे लोक येणार आहेत. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमची धाकटी काय पन करंल." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीपण जाणार आहे."

आमचे हे पेपरातून वर बघून म्हणाले, "कुठे?"

सायकल मी शेवटची चालवली होती ती लग्नाच्या आधी. पण आता माघार कशी घेणार? आणि मला सायकल मिळवून कोणी दिली असेल? प्रणालीनेच. मैत्रिणीची आणली, हवा भरली, सीट माझ्या उंचीला लावली, चेनला तेल घातलं. मी मात्र तीन आठवडे सकाळी एकटीच अंजूरच्या गोडाऊनच्या रस्त्याला सराव करायला जायचे. तिने दोनदा विचारलं, "ताई, मी येऊ का सोबत?" मी नाही म्हटलं. माझा दम किती आहे ते तिला कळायला नको होतं. मनात एकच होतं. राइड पूर्ण करायची, आणि तिच्या आधी करायची.

राइडच्या दिवशी सहा वाजता मैदानावर पोचलो. थंडी होती. आणि तिथे बघते तर काय, सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट, एकसारखी काळी हेल्मेटं. मैदानभर पिवळंच पिवळं. प्रणालीने माझा फोन आपल्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवला, कारण माझ्या कपड्यांना खिसा नव्हता. म्हणाली, "ताई, गर्दीत चुकामूक झाली तर अंबाडीला केळी-पाण्याचा स्टॉल आहे. तिथे थांबायचं. मी पण थांबेन." मी बरं म्हटलं. लक्ष कोणाचं होतं? मी तिची सायकल माझ्या सायकलपेक्षा किती हलकी असेल त्याचा अंदाज घेत होते.

शिट्टी झाली आणि चार-पाचशे सायकली एकदम त्या एवढ्याशा गेटातून बाहेर पडायला लागल्या. कोणाचं हँडल कोणाच्या पोटात. मी एका रिक्षाला टेकून कशीबशी वाचले. मान वर केली तर प्रणाली गायब.

शेलारच्या पुढे ती मला दिसली. तीच लांबसडक वेणी, तीच जांभळी सायकल, पिवळा टी-शर्ट. पन्नासेक पावलांवर. माझ्यासाठी मागे वळूनसुद्धा बघत नव्हती. म्हटलं, हेच का तुझं 'ताई, ताई'?

मी जोरात पॅडल मारायला सुरुवात केली. अंतर कमी होत आलं, तशी मी हाक मारली. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेला गळा आहे, दोन गल्ल्या पलीकडे जातो. तिने ओझरतं मागे बघितलं, आणि काय केलं असेल? वेग वाढवला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ऐकू येतंय, तरी पळतेय. बरं तर बरं.

मग तिने वेग वाढवला की मी वाढवायचे, आणि मी वाढवला की ती आणखी. कवाड गेलं. खड्डे तर विचारूच नका, माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि आमच्या डॉक्टरांची आठवण येत होती. पाठीमागे ट्रक हॉर्न मारत होते. मी कोणाला जागा दिली नाही. सोळा वर्षांचं कालवण माझ्या पायांत उतरलं होतं.

अंबाडी आली. स्टॉल दिसला. केळी दिसली. लोक सायकली लावून आरामात बसलेले. आणि ती? स्टॉलकडे न बघता सरळ पुढे निघून गेली.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? 'मी पण थांबेन' म्हणाली होती. मला तिथे थांबवून स्वतः पुढे जायचा डाव आहे, असंच वाटणार ना? मीही थांबले नाही. घसा कोरडा पडला होता, पण त्या केळ्यांकडे मी पाठ फिरवली.

कुडूसपर्यंत माझ्या मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. पण तीही थकली होती, डोलत चालली होती. वाडा जवळ आलं, शेवटचा चढ लागला, आणि तिथे मी तिला गाठलं. गाठलं आणि मागे टाकलं. तिच्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बघायचंच नव्हतं मला. फक्त बाजूने जाताना समोर बघत म्हटलं, "जा आता, सांग जाऊन सासूबाईंना."

त्या एका क्षणाला जो आनंद झाला, तो मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

शेवटच्या रेषेवर गळ्यात मेडल पडलं. मी धापा टाकत स्वयंसेवकाचा फोन मागितला आणि थेट सासूबाईंना लावला. म्हटलं, "आई, मी पोचले. प्रणाली मागे राहिली."

पलीकडून एकदम रडणं. "कुठं हाय तू? धडधाकट हाय ना?"

मी म्हटलं, मला काय झालंय?

सासूबाई रडत रडत जे बोलल्या त्यातून मला समजलं ते असं. प्रणाली अंबाडीच्या स्टॉलवर माझी वाट बघत थांबली. सगळेच पिवळे, मी पुढे निघून गेले ते तिला दिसलंच नाही. फोन तर माझा तिच्याच पाऊचमध्ये. मी कुठेतरी पडले असणार असं वाटून ती घरी फोन करून सायकल घेऊन उलटी फिरली. प्रत्येक पंक्चरवाल्याला, चहावाल्याला विचारत कवाडपर्यंत परत गेली. आमचे हे आणि रोशन बाइक काढून तिच्या दिशेने निघाले होते. "रस्त्यातला एक खड्डा सोडला न्हाय तिनं," सासूबाई म्हणाल्या, "सगल्यांत वाकून बघितलं."

प्रणाली कवाडला असेल, तर मग माझ्या मागून येतेय ती कोण?

मी वळून बघितलं. ती जांभळी सायकल आत आली. तिने हेल्मेट काढलं. चोवीस-पंचवीसची मुलगी. आयुष्यात कधी न बघितलेला चेहरा. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्वयंसेवकाला म्हणाली, "यही हैं वो आंटी. शेलार से मेरे पीछे पड़ी हैं. चिल्ला रही थीं. डर के मारे मैं अंबाडी में पानी पीने भी नहीं रुकी. और अभी बोलीं, जा के सास को बता. मेरी तो शादी भी नहीं हुई!"

स्वयंसेवकाने मला अगदी हळुवारपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही यांना ओळखता?"

मी म्हटलं, "पाठीमागून ओळखते."

त्याने मला सावलीत बसवलं आणि इलेक्ट्रॉलचं पाणी दिलं. त्या मुलीचं नाव सना. निजामपुऱ्यात राहते, कॉलेजात शिकवते. मी तिची हात जोडून माफी मागितली, काय झालं ते खरं खरं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, एवढ्या जोरात तिने जन्मात सायकल मारली नव्हती.

दोन-अडीच तासांनी प्रणाली आली. मी सापडले असा फोन गेल्यावर हे आणि रोशन तिला बाइकवर बसवून घरी नेत होते, पण तिने ऐकलं नाही. ताईला डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरी जाणार नाही म्हणाली, आणि कवाडहून परत सगळा रस्ता सायकलवर, मागोमाग हे दोघं बाइकवर. चेहरा लाल, गुडघे धुळीने माखलेले. मला मिठी मारून रडायलाच लागली. पाऊचमधून माझा फोन काढला आणि त्याबरोबर एक काळं पडलेलं केळं. अंबाडीला माझ्यासाठी ठेवलं होतं.

मी काही बोलायच्या आत सनाने सगळं सांगून टाकलं. 'सांग जाऊन सासूबाईंना' या माझ्या वाक्यासकट.

प्रणालीने शांतपणे ऐकलं. मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला मला हरवायचं होतं?"

आता लपवून काय करणार? मी हो म्हटलं.

"मग सांगायचं ना," ती म्हणाली, "मी हळू चालवली असती."

बघा. म्हणूनच म्हणते, बाई वाईट असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला. कोणीतरी हिशेब लावला होता, की इतर सगळ्यांनी पन्नासेक किलोमीटर सायकल चालवली आणि एक ताई पंच्याहत्तरच्या वर चालवून आल्या. प्रणालीला पुढे बोलावलं. शाल, नारळ, वेगळी ट्रॉफी. तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "हे माझ्या जाऊबाईंमुळे झालं. त्या नसत्या तर मी एवढं अंतर कधीच कापलं नसतं." आणि माझ्याकडे हात केला. सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. हे वाजवत होते, रोशन वाजवत होते, सना तर शिट्ट्या मारत होती.

मी डोळ्यांत पाणी आणून नमस्कार केला. सगळ्यांना वाटलं, बाई भारावली.

पण तुमच्यापासून काय लपवू? हात जोडलेले होते, डोळे भरलेले होते, आणि मनात तेवढ्यातही एकच चाललं होतं, की टाळ्या तिला जास्त पडल्या.